ग्रामीण व्यसनमुक्ती केंद्राचा विश्वस्त : त्याने नेमके काय पाहावे?

माळरान

एका सहकारी बँकेतील ३१ वर्षांच्या नोकरीनंतर मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. दिवाळीनंतर आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या वीस खाटांच्या व्यसनमुक्ती केंद्राचे अध्यक्ष घरी आले आणि त्यांनी विश्वस्त मंडळावर येण्याचा आग्रह केला. माझा धाकटा भाऊ दारूपायी एकेचाळिसाव्या वर्षी गेला. त्या काळी सोलापूरच्या आमच्या भागातून उपचारासाठी पुण्याला जावे लागे, आणि आम्ही ‘सुगी आटोपली की नेऊ’, ‘पुढच्या पगाराला नेऊ’ असे म्हणत राहिलो. त्यामुळे अध्यक्षांना नाही म्हणणे मला शक्यच नव्हते.

आम्ही सात विश्वस्त आहोत आणि कुणीही मानधन घेत नाही. आतापर्यंत तीन बैठकांना बसलो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, खर्चास मंजुरी देणे, देणगी कुणाकडून आणता येईल याची चर्चा करणे आणि शेवटी चहा, असा क्रम असतो. माणसे भली आहेत, वेळात वेळ काढून येतात. तरीही तिसऱ्या बैठकीत दोन गोष्टी अशा घडल्या की त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिली गोष्ट अशी. व्यवस्थापकांनी त्या महिन्यात दाखल झालेल्या रुग्णांची नावे, गावासह, वाचून दाखवली. कुणाला त्यात वावगे वाटले नाही, कारण ही जुनीच पद्धत आहे. त्यातले एक नाव ऐकताच आमचे एक सहकारी म्हणाले, “हा तर आमच्या पतसंस्थेचा कर्जदार.” ते त्या पतसंस्थेचे संचालक आहेत. त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण त्या माणसाने पुढच्या महिन्यात पीककर्जासाठी अर्ज केला तर त्या टेबलावर कोणती गोष्ट आधीच येऊन बसलेली असेल, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट देणगीची. महामार्गावर परमिट रूम चालवणाऱ्या एका गृहस्थांनी केंद्राला सौर बंबासाठी दोन लाख रुपये देऊ केले आहेत. हिवाळ्यात रुग्ण थंड पाण्याने आंघोळ करतात, त्यामुळे गरज खरी आहे. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.

हिशेब पाहणे मला जमेल. पण त्यापलीकडे विश्वस्ताचे काम काय, तो कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे ज्यांनी असे काम केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

हिशेबनीस

मी धर्मादाय संस्थांची लेखापरीक्षणे करतो, म्हणून कागदांपासून सुरुवात करतो. तुम्ही सल्लागार नाही, विश्वस्त आहात. संस्थेच्या मालमत्तेची आणि पैशाची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय उपआयुक्त किंवा साहाय्यक आयुक्तांकडे बदल अर्ज दाखल करावा लागतो. बहुतेक ग्रामीण संस्थांत हा अर्ज ‘करू नंतर’ म्हणून राहून जातो. मी अशा संस्था पाहिल्या आहेत जिथे नोंदवहीवर अजून दोन दिवंगत विश्वस्तांची नावे आहेत, तर प्रत्यक्ष काम करणाऱ्या चौघांची कुठेच नोंद नाही. मग एखाद्या दिवशी वाद उभा राहतो आणि या चौघांनी दहा वर्षे घेतलेल्या निर्णयांवर प्रश्नचिन्ह लागते.

पुढच्या बैठकीआधी परिशिष्ट १ चा उतारा (धर्मादाय कार्यालयात संस्थेची आणि विश्वस्तांची जी नोंद असते तिची प्रत), संस्थेची घटना आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि लेखापरीक्षण त्यानंतर सहा महिन्यांत व्हायला हवे. अहवालातला ताळेबंद सगळेच पाहतात. त्याच्या सोबतची, लेखापरीक्षकाने अनियमिततांबद्दल दिलेली उत्तरे कुणी वाचत नाही. तीच आधी वाचा. संस्थेची जमीन विकायची असेल तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हेही ध्यानात असू द्या, कारण रस्त्याकडेच्या जागेला भाव आला की हा विषय हमखास निघतो.

याहून मोठी अडचण पगारांची असते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेतून अनुदान मिळत असेल, तर त्याचे हप्ते वेळेवर येतीलच याचा भरवसा धरून चालता येत नाही. हप्ता लांबला की सर्वांत आधी रात्रपाळीचा परिचारक सोडून जातो, मग समुपदेशक. रुग्ण मात्र येतच राहतात. किमान चार महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा ठराव तुमच्या बँकेतील अनुभवाच्या माणसाने मांडला, तर तो इतरांना पटेल.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे. एका ग्रामीण केंद्रात आठवड्यातून दोन दिवस जातो. हिशेबनीस यांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे; पण त्या केंद्रात माणूस दगावला, तर तो ताळेबंदामुळे दगावणार नाही.

रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, अंगावर किडे चालताहेत असे वाटते, दिवस-रात्र कळेनाशी होते, आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यू येऊ शकतो. गर्दवाल्यांच्या ‘टर्की’बद्दल, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल, आपल्याकडे बरेच बोलले जाते, तिचा त्रासही भयंकर असतो, पण जिवाला धोका अधिक असतो तो दारूच्या या चार दिवसांत. म्हणून विश्वस्ताने विचारायचा पहिला प्रश्न असा आहे : रात्री दोन वाजता इथे कोण जागे असते, त्याला काय येते, आणि १०८ ची रुग्णवाहिका किती वेळात पोहोचते?

दुसरी बाब सलाईनची. आपल्याकडे नातेवाइकांचा आग्रह असतो की आल्याआल्या सलाईन लावा, म्हणजे उपचार सुरू झाले असे त्यांना वाटते. उपाशीपोटी वर्षानुवर्षे प्यायलेल्या माणसाच्या शरीरात थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, तुटवडा असतो. त्याला थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तुम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे औषधे ठरवायची नाहीत. पण तुमच्या केंद्रात दाखल होताना थायमिन दिल्याची नोंद प्रत्येक केसपेपरवर असते का, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे, आणि ते विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

तिसरी बाब मी थोडी कठोरपणे लिहितो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची त्या कायद्याखालील नोंदणी तपासा. रुग्णाला साखळीने बांधण्यास हा कायदा मनाई करतो. घरच्यांनी सांगितले म्हणून चार माणसे गाडीतून पाठवून झोपेतल्या माणसाला उचलून आणायचे, असे प्रकार होतात. संमतीशिवाय दाखल करण्याच्या अटी आणि मुदती कायद्याने ठरवून दिल्या आहेत, आणि ‘त्याच्या भल्यासाठी’ ही त्यांतली अट नाही. माळरान, तुम्ही एकदा न कळवता रात्री नऊनंतर केंद्रात जा. दारांना कड्या आतून आहेत की बाहेरून, एवढेच पाहून या.

आणि नावांविषयी : त्याच कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. विश्वस्त मंडळाला नावे लागतच नाहीत, आकडे लागतात. महिन्याला किती दाखल झाले, किती जणांनी उपचार पूर्ण केले, किती मध्येच निघून गेले, किती जणांना रुग्णालयात हलवावे लागले, कुणाचा मृत्यू झाला का, आणि सहा महिन्यांनंतर किती जणांशी आपला संपर्क आहे. ‘किती टक्के बरे झाले’ हा आकडा मागू नका. तो मागितला की व्यवस्थापक तो तयार करून देतो, मग तो पत्रकावर छापला जातो, आणि पुढे कुणालाच तो खाली आणता येत नाही.

नऊ वर्षे

मी स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलो आहे आणि गेली चार वर्षे एका केंद्राच्या विश्वस्त मंडळावर आहे. नावे वाचण्याचा प्रसंग वाचला आणि माझे नाव ज्या दिवशी असे वाचले गेले असेल तो दिवस आठवला.

आमच्या गावात वारकरी माळ घालून दारू सोडलेली माणसे आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मीही दोनदा माळ घातली आणि दोन्ही वेळा ती उतरवून खुंटीला टांगली. मला केंद्राची गरज पडली. तिथे ज्याने पहिल्या रात्री माझ्या उशाशी बसून पाणी पाजले, तो स्वतः तीन वर्षांपूर्वीचा रुग्ण होता. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर आलेल्या मित्रांनाच कामात सामील करून घेतले गेले आणि महाराष्ट्रातल्या अनेक केंद्रांनी ती वाट धरली. ज्याने हे भोगले आहे त्याचे म्हणणे पेशंट ऐकतो, इतके ते साधे आहे. तसाच एक माणूस तुमच्या सातांत असायला हवा. आहे का?

मात्र त्याला मंडळावर घ्याल तर नीट विचार करून घ्या. सोडल्याच्या दुसऱ्या वर्षी माझी स्लिप झाली, म्हणजे मी पुन्हा प्यायलो. तेव्हा मी विश्वस्त नव्हतो, केंद्रात साहाय्यक होतो. ज्या मंडळाने प्रत्येक देणगीदारासमोर मला उभे करून माझी कहाणी सांगायला लावली होती, त्याच मंडळाने आठ दिवसांत माझा फोटो भिंतीवरून उतरवला. मला त्यांचा राग नाही, ते घाबरले होते. पण ज्या आजारात घसरण हा आजाराचाच भाग आहे, त्या आजारासाठी संस्था चालवणाऱ्यांनी त्या दिवसाची आधीच तयारी ठेवायला हवी होती. आता आमच्याकडे नियम लिहिलेला आहे : विश्वस्त किंवा कर्मचारी घसरला तर तो कामातून बाजूला होतो, उपचार घेतो, ठरावीक काळानंतर परत येतो, आणि या काळात त्याचा मान कमी होत नाही. दुसरा नियम असा की कोणत्याही पेशंटला, जुन्याही, पाहुण्यांसमोर कहाणी सांगायला सांगायचे नाही. त्याला स्वतःहून सांगावीशी वाटली तर गोष्ट निराळी.

ओसरी

तुमच्या सात विश्वस्तांत बाई किती आहेत, हे कुणी विचारलेच नाही, म्हणून मी विचारते.

मी आमच्या गावातल्या बचत गटांचे काम करते. नवऱ्याला दाखल करायला येते ती बायको, फीसाठी गटातून कर्ज काढते ती बायको, आणि महिनाभर त्याची मजुरी बंद असताना घर चालवते तीही तीच. आमच्या जवळच्या केंद्रात कुटुंबीयांची बैठक दर गुरुवारी सकाळी ११ वाजता होत असे. खुरपणीच्या दिवसांत गुरुवारी ११ ला येणे म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी घालवणे. बायका येईनात, तेव्हा इतिवृत्तात ‘कुटुंबीयांचा प्रतिसाद अल्प’ असे लिहिले गेले. वर्षभर ते वाक्य प्रत्येक बैठकीत कायम होत राहिले, पण वेळ बदलून पाहू असे कुणालाही सुचले नाही, कारण टेबलाभोवती बसलेल्यांपैकी खुरपणीला जाणारे कुणीच नव्हते.

आता त्या दोन लाखांबद्दल. आमच्या गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी आम्ही मतदान घडवून आणले. गावातल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ला मत दिले तरच दुकान बंद होते, ज्या मतदानाला आल्या नाहीत त्यांची गैरहजेरी दुकानाच्याच पथ्यावर पडते. त्यासाठी आम्ही वस्त्यावस्त्यांवर फिरलो, शिव्या खाल्ल्या, एकीच्या घरावर दगड पडले. अशा बाईने उद्या नवऱ्याला तुमच्या केंद्रात आणले आणि दारातच बंबावर परमिट रूमवाल्याचे नाव वाचले, तर तिने काय समजावे? गरम पाण्याची सोय गावातल्या चुलीवरही होते. आम्ही जळण आणून देऊ.

कृष्णाकाठ

ओसरी यांच्या भावना समजून घेऊनही मी वेगळे मत मांडतो. राज्याच्या तिजोरीत दारूवरील उत्पादन शुल्काचा मोठा वाटा असतो आणि त्याच तिजोरीतून शाळा, दवाखाने चालतात. शासकीय मदत घेताना आपण हा प्रश्न विचारत नाही. परवाना घेऊन, कर भरून धंदा करणाऱ्या माणसाचा पैसा नाकारायचा, तर मग साखर कारखान्याच्या देणगीचे काय करायचे? मळीपासूनच मद्यार्क होतो. ग्रामीण भागात देणगीदार मोजकेच असतात. गाळून गाळून शेवटी कुणीच उरणार नाही. पाटी लावायची नाही, सत्कार करायचा नाही, जाहीर पावती मात्र द्यायची, अशा अटींवर पैसे घ्यावेत.

नऊ वर्षे

कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. तिजोरीतला पैसा सर्वांचा होऊन येतो. तो देणारा केंद्राच्या दारात उभा राहत नाही. परमिट रूमचे मालक उभे राहतील, आणि नाही राहिले तरी तालुक्याला ठाऊक असेल. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली संघटना; तिच्या सातव्या परंपरेप्रमाणे, म्हणजे नियमाप्रमाणे, त्यांचे गट बाहेरून देणगी घेतच नाहीत. आपल्या केंद्रांना ते परवडणारे नाही, पगार असतात, औषधे असतात. पण त्यामागचा विचार घेता येतो. देणारा जितका मोठा, तितके त्याच्याविषयी बोलणे अवघड होते. ‘मुक्तांगण’ १९८६ साली उभे राहिले ते डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या कामावर विश्वास ठेवून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीतून. त्या देणगीने संस्थेला नुसते पैसे मिळाले नाहीत, तिच्याविषयीचा विश्वासही मिळाला. तुमच्या दोन लाखांनी नेमके उलट होईल. मी पीत होतो तेव्हा ज्या गल्ल्यावर माझे पगार गेले, त्याच गल्ल्यातून आलेल्या गरम पाण्याने आंघोळ करताना मला काय वाटले असते, हे मी इथे लिहू शकत नाही.

रात्रपाळी

देणगीच्या वादात मी पडत नाही, पण एक भर घालतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आपल्या देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळतात. वीस खाटा भरल्या म्हणजे तालुक्याचे काम झाले असे समजू नये. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या उपक्रमात तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावात शिबिरे घेतली जातात, त्यामुळे अनेकांना घर न सोडता उपचार मिळतात. सौर बंबाचा निर्णय कोणताही होवो, आठवड्यातून एक दिवस बाह्यरुग्ण विभाग सुरू करता येईल का, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. त्यासाठी एक खोली, एक डॉक्टर आणि फोन करून पाठपुरावा करणारा एक माणूस लागतो.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. बैठक गेल्या शनिवारी झाली, म्हणून झालेले सविस्तर लिहितो.

त्याआधीच्या सोमवारी रात्री साडेनऊला मी न कळवता केंद्रात गेलो. परिचारक जागा होता. त्याने मला ओळखले नाही आणि आत सोडण्यापूर्वी अध्यक्षांना फोन केला, याचा मला आनंदच झाला. केसपेपरमधली पाने मी पाहिली नाहीत. रुग्णांची नावे झाकून थायमिनच्या नोंदी दाखवा, एवढेच त्याला म्हणालो. नऊपैकी सहांवर नोंद होती, तिघांवर नव्हती. शेवटच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. नवीन पेशंट पहिले दोन दिवस तिथे ठेवतात, पळून जाऊ नयेत म्हणून. मी विचारले, वीज गेली, आग लागली किंवा आत फेफरे आले तर काय? तो म्हणाला, “मी इथेच असतो, साहेब.” तो खरे बोलत होता. पण त्याला जेवायला, लघवीला, दुसऱ्या पेशंटकडे जावेच लागते, आणि तेवढा वेळ आतल्या माणसाचा जीव त्या कडीच्या हवाली असतो.

बैठकीत मी हे सांगितले तेव्हा अध्यक्ष नाराज झाले. न सांगता गेलो हे त्यांना रुचले नाही, आणि कडी निघाली तर पेशंट पळतील ही त्यांची भीतीही खोटी नाही. बराच वेळ बोलणे झाले. शेवटी कडी काढायची, रात्री एकाऐवजी दोन माणसे ठेवायची आणि दुसऱ्या माणसाचा पगार आधी राखीव निधीतून द्यायचा असे ठरले. तो निधी अजून उभा राहायचा आहे, म्हणून पहिले सहा महिने आम्ही चौघे तो पगार आपसांत वाटून घेणार आहोत. थायमिनच्या नोंदींबद्दल केंद्राचे डॉक्टर स्वतः लक्ष घालणार आहेत.

नावे वाचणे बंद झाले. पतसंस्थेचे संचालक असलेल्या सहकाऱ्यांनीच त्यासाठी अनुमोदन दिले आणि “मला हे कुणी आधी सांगायला हवे होते” असे म्हणाले. माझ्या नियुक्तीचा बदल अर्ज ९० दिवस उलटून गेले तरी दाखल झालेला नव्हता. आता विलंबमाफीच्या विनंतीसह तो जाईल.

देणगीबाबत चार विरुद्ध तीन अशी मते पडली आणि ती न घेण्याचे ठरले. देणगी घ्यावी म्हणणाऱ्या तिघांपैकी एकजण बैठकीनंतर माझ्याशी बोलले नाहीत. अध्यक्ष आणि मी त्या गृहस्थांना भेटून आलो. ते रागावले नाहीत, बराच वेळ गप्प राहिले, मग त्यांनी चहा मागवला. बंबाचे अजून जमलेले नाही. तूर्त चुलीवर दोन मोठी पातेली ठेवली आहेत.

बाह्यरुग्ण विभागाचा विषय वेळेअभावी राहिला, तो पुढच्या बैठकीत पहिला आहे. मंडळावर दोन महिला आणि व्यसनातून बाहेर आलेला एक माणूस घेण्यासाठी घटनेत दुरुस्ती लागेल, तिचे काम हिशेबनीस यांनी सांगितलेल्या कागदांपासून सुरू केले आहे.

ओसरी ताई, कुटुंबीयांची बैठक आम्ही मंगळवारी दुपारी ठेवली, कारण तो इथल्या बाजाराचा दिवस आहे आणि बायका तालुक्याला येतातच. पहिल्या मंगळवारी अकरा जणी आल्या. खुर्च्या सहाच होत्या, म्हणून सतरंजी अंथरली आणि सगळ्याच खाली बसल्या, बाजाराच्या पिशव्या भिंतीला टेकवून. दोघी काहीच बोलल्या नाहीत, पण शेवटपर्यंत बसून राहिल्या. पुढच्या वेळी बैठक अर्धा तास आधी संपवावी असे त्यांनी सांगितले आहे, कारण वरच्या वाड्यांकडे जाणारी शेवटची एसटी साडेचारला सुटते.